मामाच्या तीन शेवटच्या इच्छा

मामा, माणसाची शेवटची इच्छा एक असते. तुझ्या तीन निघाल्या. तिन्ही माझ्याबद्दलच्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही.

बाबा म्हणतात, विलासची इच्छा होती की मेघाने साताऱ्यातच राहावं, इतिहास घेऊन बीए करावं, फोटोग्राफी आवड म्हणून जोडीला ठेवावी आणि मग स्पर्धा परीक्षांना बसावं. मामी म्हणते, त्यांची इच्छा होती की पोरीने पुण्याला जावं, फोटोग्राफी हाच मुख्य विषय घेऊन चार वर्षांची कलेची पदवी मिळते तिथे शिकावं. आणि सलीमचाचा, तुझा इतक्या वर्षांचा भागीदार, डोळे पुसत सांगतो की विलासने त्याला बजावून ठेवलंय, मेघा बाहेरून बीए करील आणि उंब्रजचा स्टुडिओ चालवील. तिघांनी हे तुझ्याच तोंडून ऐकलंय. तिघंही खरं बोलतायत. खोटारडा तू आहेस, आणि तुला आता जाब विचारायचा तर कुठे जाऊन?

तू गेलास त्याला अजून पंधरवडाही झालेला नाही. पुण्याच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं ते तुझ्या दहाव्याच्या आदल्या दिवशी. जागा घ्यायची की सोडायची हे या आठवड्यात कळवायचं आहे. आणि घरातला प्रत्येक जण मला तुझं नाव घेऊन अडवतोय. जिवंत होतास तेव्हा तुझं कुणी एवढं ऐकत नव्हतं.

तसा हा तुझ्या धंद्याचाच गुण म्हणायचा. ज्याला जसा फोटो हवा तसा तू काढून दिलास. टकलावर चार केस, गालावरचा चट्टा गायब, वय दहा वर्षांनी कमी. सुट्टी संपवून परत निघालेला जवान बायको-पोरांना घेऊन स्टुडिओत यायचा आणि तू त्यांच्या मागे काश्मीरचा पडदा सोडायचास. तो बिचारा काश्मीरहूनच आलेला असायचा, परत तिकडेच निघालेला. मी हसले तर म्हणालास, "गप गं. त्यानं बघितलंय, त्याच्या बायकूनं कुठं बघितलंय?" मला तेव्हा ते लय भारी वाटलं होतं. आता कळतंय की तू आम्हा सगळ्यांच्या मागे एकेक पडदा सोडून ठेवला होतास. बाबांच्या मागे कलेक्टर कचेरी, मामीच्या मागे पुणे, सलीमचाचाच्या मागे स्टुडिओची नवी पाटी.

माझ्या पदवीचा बेत आपण सलीमचाचाच्या व्हॅनमध्ये बसून रचला, लग्नाला जाता-येता. पुढे तो गाडी चालवायचा, मागे आपण दोघं, मांडीवर कॅमेऱ्याच्या बॅगा. मी तुला समजावून सांगितलं होतं की आता पदवीची पद्धत बदललीय. एक विषय मुख्य, एक दुय्यम, त्याशिवाय सुटे विषय, आणि हाताचं काम शिकवणारे वेगळे. तू लगेच म्हणालास, "म्हंजी लग्नाचं ताट की. जिलबी कंची त्ये सांग, बाकीचं वाढपी बघत्यात." मी म्हटलं, जिलबी फोटोग्राफी. तर म्हणालास, "मग नुसती जिलबी खाऊन प्वाट भरतंय व्हय?"

मग एकेक विषय घेऊन तू मला जो छळलास, तसा छळ कुठली प्रवेश समिती करणार नाही. मी समाजशास्त्र म्हटलं. तुझं म्हणणं, समाज बघायचा तर पंगतीत उभी राहा, कोण कुणाच्या शेजारी बसायला तयार नाही ते बघ. मानसशास्त्र मात्र तुला पसंत पडलं. "ह्ये घे. नवरदेवाच्या आत्याला कसं आवरायचं त्ये तरी कळंल." पहिल्या वर्षी रेखाटन शिकवतात म्हटल्यावर तू कपाळाला हात लावलास. "आपल्याला बटान दाबायचंय. चित्रं कशाला काढत बसायची?" मी म्हटलं, मामा, उजेड कुठून येतो आणि कुठे पडतो ते हाताला कळावं म्हणून. तू खिडकीबाहेर उसाकडे बघत बसलास आणि पार कराड आल्यावर म्हणालास, "त्यो इशय ऱ्हाऊ दे." इतक्या वादावादीत तू मान्य केलेला हा एकच विषय.

पण मला खरा वैताग आणायचास तो साताऱ्याला आमच्या घरी आल्यावर. बाबा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर माणसं जरा जपूनच बोलतात. तू रविवारी यायचास, मटणावर ताव मारायचास आणि मग माझी वकिली सुरू करायचास. "दाजी, आवं, आता फोटोग्राफीची डिग्री असती. पोरीला नजर हाय." बाबा विचारायचे, "नौकरी कुठं हाय त्यात?" आणि तू, माझा वकील, हाडूक चोखत म्हणायचास, "व्हय, त्येबी खरंच हाय म्हना."

मी तुला सोडायला फाटकापर्यंत आले की तिथे उलटं. "मेघे, बाबा म्हनत्यात त्ये काय चुकीचं न्हाई."

"मग आत काय बोललास?"

"आत त्ये बरूबर हुतं. हितं ह्ये बरूबर हाय."

"आणि तुला स्वतःला काय वाटतं?"

"मला? मला आता उंब्रजची यष्टी गाठायचीय."

दर वेळी हेच. बाबांसमोर माझी बाजू, माझ्यासमोर बाबांची. दोन्ही दगडांवर पाय ठेवून तू आयुष्य काढलंस आणि पडलास मात्र कधी नाहीस. पडायची वेळ आमच्यावर आणलीस.

एवढं बोलते आहे म्हणून तुझे उपकार विसरले असं समजू नकोस. मी पहिल्यांदा मांडवात कॅमेरा घेऊन उभी राहिले तेव्हा वधूपित्याने तुला बाजूला घेऊन विचारलं होतं की पोरीच्या जातीला हे काय लावलंय. तू नेहमीसारखं "त्येबी खरं हाय" म्हणशील या भीतीने मी कॅमेरा खाली घेतला होता. तू म्हणालास, "ती माझा दुसरा कॅमेरा हाय. ती न्हाई तर मीबी न्हाई." आणि खरंच बॅगेची चेन लावायला घेतलीस. त्या दिवशी आतल्या खोलीत, हळद लावणाऱ्या बायकांमध्ये मी जे फोटो काढले ते तुला जन्मात मिळाले नसते. घरी येताना तू ते बघत बसलास आणि एक शब्द बोलला नाहीस. मला तुझ्या बोलण्यापेक्षा ते गप्प बसणं जास्त आठवतं. म्हणजे तुला एका बाजूने उभं राहता येत होतं की! मग पुढे काय झालं? माझ्या शिक्षणाच्या वेळीच तो बाणा कुठे गेला?

आता आपल्या अर्ध्या राहिलेल्या भांडणाकडे येते. ते तू अर्धं टाकून गेलास म्हणून मी माघार घेतली असं होत नाही.

जत तालुक्यात लग्नाला गेलो होतो. सकाळचं लग्न, दुपारी जेवणं, आणि मधल्या वेळात मी गावात हिंडून आले. टँकरभोवती लागलेली घागरींची रांग, मेंढरं घेऊन सावलीला बसलेलं एक कुटुंब, आणि ती म्हातारी. तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हतं. तू मागून येऊन "जरा हसा की आज्जी" म्हणालास तर तिने तुझ्याकडे असं बघितलं की तूच हसायचा थांबलास. तेच मी टिपलं. पुण्याच्या कॉलेजला प्रवेशासाठी पाठवायच्या फोटोंमध्ये हे सगळे पहिले होते. छपाई तू करून आणतो म्हणालास, आणि मी मूर्खासारखी हो म्हणाले. तुझ्याकडे कुणाचाही चेहरा सोपवायचा नसतो हे मला माहीत असायला हवं होतं.

तू ते आणलेस लग्नाच्या अल्बममध्ये लावून, वर चकचकीत पुठ्ठा. चेहऱ्यावर केवढा आनंद! मी उघडून बघते तर म्हातारी गोरी. तिच्या सुरकुत्या कुणीतरी इस्त्री करून घालवलेल्या. मेंढपाळ गोरा, त्याची बायको गोरी, टँकरवरचा माणूस तर चांगला साबणाच्या जाहिरातीत शोभेलसा. आणि सगळ्यांच्या डोक्यावर निळं आभाळ, प्रत्येक फोटोत तोच एक ढग. जतमध्ये भर उन्हाळ्यात, टँकरच्या रांगेवर तू ढग आणलास, मामा. एवढ्या सरकारांना जमलं नाही ते.

"तू माझी माणसं गोरी केलीस," मी म्हणाले.

"मग काय काळी धाडायची पुन्याला? तिकडची मानसं काय म्हनतील? सांगली-साताऱ्याकडची लोकं अशी असत्यात व्हय?"

"अशीच असतात. तू बघ आरशात."

ते तुला लागलं. तू अल्बम मिटलास, पुठ्ठ्यावरून हात फिरवलास. "त्या म्हातारीनं बघितला असता तर तिला बरं वाटलं असतं."

"म्हातारीला कुठे दाखवायचाय? परीक्षकांना दाखवायचाय."

"फोटो ज्याचा त्याला पयला दाखवायचा असतोय, पोरी."

मी बरोबर होते. आजही बरोबर आहे, आणि कुणीही माझ्या बाजूने कौल देईल. फक्त तुझ्या त्या शेवटच्या वाक्याला मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही, आणि हे तुला सांगायला नको होतं, कारण तू वर बसून मिशीत हसशील.

मी मूळचे फोटो पुन्हा छापून घेतले आणि पाठवले. तुझा फोन आला. "धाडलंस?" धाडले. "काळीच?" काळीच. मग तू हसलास की खोकलास ते मला कळलं नाही, गाडीचा आवाज होता. त्याच आठवड्यात, एका मांडवात वऱ्हाडाला "जरा जवळ सरका" म्हणता म्हणता तू खुर्चीवरून उतरून खाली बसलास आणि उठलाच नाहीस. त्या हसण्या-खोकण्याचा निकाल राहून गेला.

दहावा कृष्णेच्या काठी झाला. तुला मूलबाळ नाही, म्हणून तुझ्या चुलतभावाने पिंड ठेवले. कांदाभजी ठेवली, चहा ठेवला, सलीमचाचाने तुझा जुना कॅमेराही शेजारी ठेवला. कावळे होते, भरपूर होते. समोरच्या झाडावर ओळीने बसून बघत होते. एकही खाली येईना. मग सुरू झालं आपलं नेहमीचं. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, त्याला वचन द्या, म्हणजे कावळा शिवेल.

बाबा पुढे झाले. हात जोडून, सावधानमध्ये उभे राहून, परेडवर बोलावं तसे खणखणीत बोलले, "विलास, फिकीर करू नगंस. मेघाला बीए करतो, परीक्षेला बसवतो. जबान देतो." कावळे जागचे हलले नाहीत.

मामी पदर सावरत आली. "आवं, तुमी म्हनला तसं पोरीला पुन्याला धाडते. आता तरी शिवा." एक कावळा एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला.

सलीमचाचा मागे उभा होता. त्याला कुणी पुढे बोलावलं नव्हतं, पण त्याच्याने राहवलं नाही. "विलास, दुकान बंद पडू देत न्हाई बघ. मेघा बसंल गल्ल्यावर, मी हाय तिच्या पाठीशी."

एकाच पोरीला तीन ठिकाणी पाठवायची तीन वचनं, एकाच पिंडासमोर. बाबा मामीकडे बघायला लागले, मामी सलीमचाचाकडे. तेवढ्यात काठावर बसलेले एक म्हातारे आजोबा तंबाखू मळता मळता म्हणाले, "आरं, आता त्या कावळ्यानं ऐकायचं तरी कुनाचं?"

मला हसू आलं, मामा. तुझ्या दहाव्याला. आईने चिमटा काढला आणि मला पुढे ढकललं. आता तूच बोल म्हणाली. मी पिंडासमोर उभी राहिले आणि माझं डोकं सटकलं. मी म्हणाले, "मामा, तुला काय हवं होतं ते तू एकदासुद्धा सांगितलं नाहीस. आता कावळा पाठवून मला कोड्यात टाकू नकोस. माझं मी ठरवीन." बायकांनी तोंडाला पदर लावला. कावळ्यांनी जरा विचार केला आणि सगळेच्या सगळे उडून पलीकडे दुसऱ्या कुणाच्या तरी दहाव्याला गेले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. तिथेही तू कुणाला हो की नाही ते कळू दिलं नाहीस.

परत येताना मामी माझ्याबरोबर चालत होती. मी तिला सरळच विचारलं, मामी, खरं सांग, मामाला काय वाटत होतं? ती चालता चालता थांबली.

"कवा म्हनायचं, जाऊ दे तिला, हितं आपली बुद्धी कितीशी पुरनार. कवा म्हनायचं, ती गेली तर मला दुकानात करमायचं न्हाई. मी म्हनलं, तुमाला काय पायजे त्ये एकदा पोरीला सांगा तरी. तर म्हनलं, मला कोन इचारतंय, मी कॅमेऱ्यामागचा मानूस."

मामी रडली. मी नाही रडले. मला राग आला. मी विचारत होते की! दर रविवारी फाटकापाशी विचारत होते. कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणजे काय? कॅमेरा कुठे ठेवायचा, कुणाला चौकटीत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, सगळं त्यानेच तर ठरवायचं असतं. तू त्याला नम्रपणा म्हणत असशील. मी पळवाट म्हणते. तू मला "जा" म्हणाला असतास तर मी गेले असते. "राहा" म्हणाला असतास तर कडाकडा भांडून, तुला चार शिव्या देऊन कदाचित राहिलेही असते. तू दोन्ही पोटात ठेवलंस, म्हणून आता मला एकटीने ठरवायला लागतंय.

तर ऐक. मी पुण्याला जाते आहे. पहिल्या वर्षी रेखाटन, कॅमेरा आणि उजेड. कलेचा इतिहासही आहे, म्हणजे बाबांना इतिहास मिळाला. दुसऱ्या वर्षापासून समाजशास्त्र दुय्यम विषय, तू कितीही पंगती दाखवल्यास तरी. मानसशास्त्र सुट्या विषयांत बसलं तर घेते, नवरदेवाच्या आत्यांसाठी. आणि शेवटच्या वर्षी एक मोठा प्रकल्प करायचा असतो. तो मी तुझ्यावर करणार. उंब्रजच्या स्टुडिओत तू गोरी करून सोडलेली सगळी माणसं शोधून काढणार, त्यांच्या घरी जाऊन भिंतीवरचा फोटो आणि खाली उभा असलेला माणूस असं दोन्ही टिपणार. आणि तो फोटो त्यांना पहिला दाखवणार. तेवढं तुझं ऐकते.

हे सलीमचाचाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तो स्टुडिओचं शटर अर्धं उघडून बसला होता, एका शाळकरी मुलीचे ओळखपत्राचे फोटो कापत होता. मी म्हणाले, चाचा, मी दुकानात बसणार नाही. "पण" नाही म्हणाले, "बघू" नाही म्हणाले, तुझ्यासारखं "तुझंबी खरं हाय" तर मुळीच नाही. तोंडावर नाही म्हटलं. कात्री थांबली. त्याने कापलेले फोटो पाकिटात घातले आणि म्हणाला, "विलासला ह्ये कवा जमलंच न्हाई बघ." मग म्हणाला, "लगीनसराईला तरी ये. बायकांच्या खोलीत माझ्यासारख्याला कोन घेतंय?" येईन म्हटलं. हे मात्र मनापासून म्हटलं.

राहिले बाबा. त्यांनी नदीकाठी चारचौघांत जबान दिलेली. काल संध्याकाळी ते अंगणात बूट पॉलिश करत बसले होते, निवृत्त झाले तरी ती सवय गेली नाही. मी पूर्ण तयारी करून गेले होते. नोकरी कुठे आहे, याचं उत्तर पाठ होतं. मुलीची जात, याचं होतं. फोटोला डिग्री कशाला, रेखाटन कशाला, समाज बघायचा तर पंगतीत बघ, साताऱ्यात काय वाईट आहे, एवढ्या लांब एकटी कशी राहशील, सगळ्यांची उत्तरं होती. ती तूच माझ्याकडून करून घेतली होतीस, त्या व्हॅनमध्ये, भांडून भांडून.

मी म्हणाले, "बाबा, मी पुण्याची जागा घेते."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "बरं."

एवढंच. मी उभी राहिले. मी वाट बघत होते, मामा, की आता कुणीतरी "पण" म्हणेल. बाबांनी दुसरा बूट घेतला. फाटकापाशी उलटं बोलायला कुणी नव्हतं. आणि तू गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या मी तिथेच, त्यांच्या बुटांशेजारी बसून भोकाड पसरलं.